पाच, मूठ, चार

टिपणीस सर कोणाच्याही घरात शिरले की आधी बोर्डाचा वास घ्यायचे. माणसांकडे नंतर बघायचे. बोर्डाला नाक लावून, डोळे मिटून उभे राहायचे. मग म्हणायचे, "जळतंय कुठेतरी." नाहीतर म्हणायचे, "ठीक आहे." त्यानंतर चपला काढायच्या आणि मग घरच्यांना विचारायचं, "काय, बरे आहात का?"

परवा त्यांचे दोन जुने विद्यार्थी निडी स्टेशनापासून चढ चढून माझ्या वाडीत आले. सरांनी आयुष्यभर आयटीआयमध्ये वायरमन घडवले. त्यांच्यावर हे लोक पुस्तक काढतायत. मला म्हणाले, "काका, तुमच्या घरचं सोलर सरांनी स्वतःच्या हाताने केलं. चार चांगले शब्द लिहून द्या." मी चौथी शिकलेला माणूस. शब्द कमी, आणि त्यात चांगले फारच कमी. मी म्हटलं, मी रागात लिहीन. ते हसले. म्हणाले, "सर पण रागातच शिकवायचे."

तर लिहितो. आवडलं नाय तर छापू नका.

सरांची आणि माझी ओळख भांडणातनं झाली. आमच्या वाडीत वीज नाय. म्हणजे खांब आहेत. आठ खांब आले, उभे केले, साहेबांनी फोटो काढले. तार आली नाय. जंगल खात्याची हद्द मधे येते म्हणाले. खांब उभे करताना हद्द कुठे गेली होती ते कोणी सांगत नाय. एका खांबाला माझी म्हैस बांधलेली असते. तेवढाच त्याचा उपयोग.

बारा-तेरा वर्षांमागे माझा मुलगा रमेश कुठूनतरी एक सोलरची प्लेट आणि जुनी बॅटरी घेऊन आला. त्याने आणि मी मिळून वायर ओढल्या. दोन दिवे लागले, आम्ही खूश. मग एक दिवस बॅटरीतून वाफा यायला लागल्या. रोह्यात कोणीतरी सांगितलं, रिटायर झालेले एक सर आहेत, फुकट बघून देतात, फक्त तोंड खराब आहे.

आले. वास घेतला. माझ्या वायरिंगकडे बघितलं आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: "हे कोणी केलं? तू? म्हशीला दावं बांधतोस तशी वायर बांधलीस."

मी त्यांच्यापेक्षा एक वर्षाने मोठा. मला 'तू'. माझ्या बायकोला मात्र पहिल्या मिनिटापासून 'वहिनी' आणि 'तुम्ही'. हा राग मी पहिल्या दिवशी धरला तो शेवटपर्यंत सोडला नाय. आणि त्यात नाव टिपणीस. ह्यांच्या आजोबांच्या जमिनीवर माझा बाप कूळ होता. कायदा आला, जमीन आमची झाली. मी ते मुद्दाम बोलून दाखवलं. म्हटलं, "सर, ज्या जागेवर तुम्ही उभे आहात ना, ती तुमच्या आजोबांची होती."

सर पक्कड हातात घेऊन पायाखाली बघत म्हणाले, "हो का? मग आजोबांनी अर्थिंग करायला पाहिजे होतं. खड्डा खण."

मी खड्डा खणला. काय करणार? वडखळच्या बाजूचं जाडं मीठ आणि चुलीतला कोळसा त्यात थरावर थर घातला, मधे पाइप उभा केला. सर इंदूला म्हणाले, "वहिनी, उन्हाळ्यात ह्या खड्ड्यात रोज एक तांब्या पाणी. जमीन सुकली तर अर्थिंग मेलं." इंदू म्हणजे माझी बायको. ती त्या दिवसापासून सकाळी तुळशीला एक तांब्या आणि खड्ड्याला एक तांब्या घालायला लागली. शेजारच्या बाया विचारायच्या, "गो, हा कुठला देव?" ती सांगायची, "ह्यो सरांचा देव."

सर आमच्याकडे पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. चहा तर नाहीच. स्टीलच्या डब्यात दहीभात आणायचे आणि दुपारी फणसाखाली बसून एकटे खायचे. मी मनात म्हणायचो, आजोबाच्या रक्ताचा, आमच्या घरचं पाणी कसं चालेल? तोंडाने बोललो नाही. इंदू बोलली. ती पोटात ठेवणारी नव्हती.

"काय वो सर, आमच्या घरचा पानी चालत नाय काय तुमाला?"

सर शिडीवर होते. तिथेच लाल झाले. मला वाटलं आता उतरतील आणि पिशवी उचलून जातील. ते म्हणाले, "वहिनी, ह्या वयात एक कप चहा घेतला की अर्ध्या अर्ध्या तासाने शिडी उतरावी लागते. आता कळलं?"

इंदू पदर तोंडात धरून हसत आत पळाली. मग काम संपल्यावर सर उतरले आणि दोन तांबे पाणी गटागटा प्यायले. पुढे हीच पद्धत पडली. शेवटचा स्क्रू आवळला की तांब्या पुढे करायचा. आधी केला तर ओरडा.

स्क्रू आवळण्यावर त्यांचा फार जीव. "करकचून," म्हणायचे. "ढिला स्क्रू आणि ढिला माणूस, दोघे गरम होतात आणि घर जाळतात." हे बोलताना माझ्याकडे बघायचे. दुसरं एक वाक्य: "मीटर लाव, मग तोंड उघड." आणि तिसरं, जे मी झोपेतसुद्धा ऐकतो: "वायर खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

त्यांना कानाने कमी ऐकू यायचं. म्हणून तर एवढे ओरडायचे. प्लेटा बाहेर, बॅटऱ्या आत. सर बाहेरून ओरडणार, "किती?" आतून मी आकडा सांगितला की त्यांना ऐकू जायचा नाही, मग शिव्या. यावर तोडगा इंदूने काढला. तिला वाचता येत नव्हतं, आकडे मात्र सगळे ओळखायची. मीटर बघून ती दारात यायची आणि बोटं दाखवायची. पाच बोटं म्हणजे पाच. बंद मूठ म्हणजे शून्य. मग चार. पन्नास पॉइंट चार. हा पुढे चार बॅटऱ्या झाल्यावरचा व्होल्टचा आकडा. पॉइंट दाखवायला लागत नसे, तो कुठे असतो ते दोघांना माहीत. सर तिथनं मान हलवायचे. अंगणाच्या दोन टोकांवरून दोघांचं बोलणं चालायचं आणि मी मधे उभा, मुका.

आता माझी पहिली चूक सांगतो. ती सगळ्या वाडीला माहीत आहे.

सरांनी दुसऱ्या खेपेला दोन बॅटऱ्या जोडून दिल्या होत्या. एकीची शेपटी दुसरीच्या तोंडाला, म्हणजे दुप्पट जोर. बजावून सांगितलेलं: दोघींना मिळूनच वापरायचं, एकीवरून काही ओढायचं नाही. त्या वर्षी गणपतीला रमेशने मखरासाठी दिव्यांच्या माळा आणल्या. त्या लहान जोराच्या, एकाच बॅटरीवर चालणाऱ्या. मी म्हटलं, पाच दिवसांचा तर प्रश्न. एका बॅटरीच्या दोन टोकांना चिमटे लावले. काय मखर दिसत होतं! निडीपासून लोक बघायला आले. गौरी गेल्या, चिमटे काढले, पुसून ठेवले.

दिवाळीच्या सुमाराला दिवे मंद व्हायला लागले. सर आले. वास घेतला, ठीक. मग दोन्ही बॅटऱ्यांना वेगवेगळं मीटर लावलं. एक भरलेली, दुसरी अर्धमेली.

"एकीवरून काय चालवलं?"

"काय नाय."

"नामा, वायर खोटं बोलत नाही."

"आईशपथ सर, काय नाय."

त्यांनी बॅटरीच्या टोकावरून बोट फिरवलं. चिमट्याच्या दातांचे ओरखडे होते. तेवढ्यात इंदू आतून म्हणाली, "गणपतीच्या माळा लावल्या होत्या, सर. मी म्हनलं होतं नको."

मग जे सुरू झालं! सर अंगणात उभे राहून ओरडत होते आणि वाडीतली माणसं काम टाकून कुंपणाशी आली. "एकीला उपाशी ठेवलंस आणि दुसरीला फुटेपर्यंत भरवलंस! देवासाठी केलंस? देवाने सांगितलं होतं एका बॅटरीवर चालव म्हणून? पाच दिवसांच्या शोभेसाठी पाच वर्षांचं आयुष्य खाल्लंस! आणि वर आईची शपथ!" मी म्हटलं, "सर, आवाज खाली." ते म्हणाले, "मला माझा आवाज ऐकू येत नाही!" कुंपणावरचे सगळे हसले. मी नाही हसलो. पिशवी उचलून गेले, वर्षभर आले नाहीत.

आले ते इंदूसाठी.

चाळीस वर्षं चुलीवर फुंकणी मारून तिची छाती गेली होती. आधी चढ चढताना दम, मग बसल्याजागी दम. पनवेलच्या डॉक्टरने सांगितलं, घरात ऑक्सिजनचं मशीन लागेल, झोपताना तर सोडायचंच नाही. ते मशीन विजेवर चालतं. रमेश पनवेललाच राहतो. म्हणाला, "बाबा, आई आता आमच्याकडे. दहावा मजला, लाइट जात नाय." इंदू म्हणाली, "मी वर टांगून ऱ्हाणार नाय. मना माज्या घरात मरायचा हाय." रमेश रडला. मी चिडलो. ती दोघांकडे बघून म्हणाली, "सरांना फोन लावा."

मी लावणार नव्हतो. तिनेच लावला. काय बोलली कोण जाणे. तिसऱ्या दिवशी सर हजर, सोबत दोन जुने विद्यार्थी आणि टेम्पोभर सामान. मशीनचा कागद वाचला, बोटावर हिशेब केला, जमिनीवर खडूने गणित मांडलं. आठ प्लेटा, चार बॅटऱ्या, मोठा इन्व्हर्टर. जुन्या दोन बॅटऱ्यांना हात लावू देईनात. मी म्हटलं, एक तर चांगली आहे, चालवा की नव्यांबरोबर.

"नाही. चौघी एका वयाच्या, एका महिन्याच्या. एक म्हातारी घातली की ती तिघींना खाली ओढते."

इंदू खाटेवरून म्हणाली, "सर, आमच्या घरात एक म्हातारी हायच, ती तुमाला वर वाडीत ओढते."

त्या कामाचे चार दिवस सर आमच्याकडेच राहिले. कौलांवर एवढ्या प्लेटा बसत नव्हत्या, म्हणून अंगणात लोखंडी घोडा उभा केला. दुपारी तीननंतर शेवग्याची सावली एका कोपऱ्यावर यायची. बोटभर. सर म्हणाले, "एका पानाची सावली अख्खी रांग बसवते." शेवगा इंदूने लावलेला. सरांना तिला सांगायची हिंमत होईना. ह्या माणसाची, ज्याने कोणाला सोडलं नाही! फणसाखाली बसून राहिले. इंदूनेच दारातून बघितलं, कोयता मागितला. मी म्हटलं, "गो, पडून ऱ्हा, मी तोडतो." ऐकली नाही. चार घाव घालायची, बसायची, दम घ्यायची, पुन्हा चार घाव. शेवगा पडला तेव्हा सर पाठमोरे होते. चष्मा पुसत होते.

नव्या बोर्डावर सरांनी प्रत्येक खटक्याखाली रंगाने नाव लिहिलं. 'दिवे'. 'पंखा'. 'पंप'. आणि सगळ्यांत वर लाल रंगाने: 'वहिनी'. त्या खटक्यावर फक्त तिचं मशीन. मला समोर उभं करून म्हणाले, "आकाश फाटलं तरी ह्या एका खटक्यावर दुसरं काही नाही. मी तीन दिवसांचे ढग धरलेत, वर एक दिवस ठेवलाय. चार दिवस सूर्य नसला तरी वहिनींचा श्वास अडणार नाही. हा माझा शब्द. आता तुझा दे."

मी दिला.

त्यानंतर पावणेदोन वर्षं ती तिच्या घरात राहिली. रोज सकाळी उजाडल्यावर मीटर बघायची आणि सरांना फोन करायची. कान कमी म्हणून सर फोन स्पीकरवर ठेवायचे, तरी ती ओरडून सांगायची, "पन्नास पॉइंट चार!" सर म्हणायचे, "छान." कधी, "कमी आहे, आज पंप नको." बस. ह्यापलीकडे दोघं काही बोलत नसत. मी मात्र बघायचो, आकडा सांगून झाल्यावर ती दिवसाला लागायची. त्याआधी नाही.

देवाला हात न जोडणाऱ्या ह्या माणसाने पहिल्या गणपतीला एक लहान प्लेट आणि स्कूटरची बॅटरी आणून दिली. वेगळा बोर्ड, त्यावर नाव: 'गणपती'. म्हणाले, "घे. ह्याच्यावर नाच. पण त्या चौघींकडे बघायचं नाही."

आता दुसरी चूक. ही कोणाला माहीत नाय. म्हणजे दोघांना माहीत होती. त्यातलं एक माणूस गेलं आणि दुसरे पुण्याला.

मी शाडूच्या गणपतीच्या कच्च्या मूर्ती करतो. पेणचा एक कारखाना वर्षाच्या वर्षाला माझ्याकडून नेतो, रंग ते करतात. मागच्या जुलैत मूर्ती पडवीत मांडलेल्या, आणि आकाश बंद झालं. सूर्य नाही. मूर्ती वाळेनात. बोट लावलं की आत जायचं. पेणहून फोन आला, "नामदेवकाका, रविवारी गाडी येतेय." मी 'हो' म्हटलं. इतक्या वर्षांत माझी गाडी कधी रिकामी गेली नव्हती.

सरांनी फोनवरून सगळे खटके बंद करायला लावले होते. दिवे, पंखा, पंप, सगळं. फक्त 'वहिनी' चालू. दुपारी इंदू तीनेक तास मशीनशिवाय बसायची, डॉक्टरने चालेल म्हटलं होतं. मला वाटलं, मशीन बंद म्हणजे तेवढी वीज शिल्लक. पाण्याची टाकी असते ना, तसं माझ्या डोक्यात आलंच नाही, की आज उपसलं ते रात्री कमी पडणार. मी तिच्या लाइनवरून पडवीत वायर ओढली. मोठे पिवळे बल्ब दोन आणि टेबल पंखा. दुपारी तीन तास. मग चार. मग ती खाटेवर परत मशीन लावून पडली तरी तासभर वर.

चौथ्या दिवशी सकाळी तिने आकडा सांगितला. सर फोनवर म्हणाले, "भरभर का उतरतंय? दुसरं काही चालू आहे का?"

तिने फोन कानाला धरून मला विचारलं, "ओ, सर इचारतात, दुसरा काय चालू हाय का?"

मी पडवीतून म्हटलं, "काय नाय."

ती फोनमध्ये म्हणाली, "काय नाय म्हनतात."

हे 'म्हनतात' तेव्हा मला ऐकू आलं नाही. आता ऐकू येतं. आमची पडवीची भिंत कुडाची आहे. पंख्याचा आवाज ह्या बाजूला येतो. मशीन बंद असताना तर चांगलाच येतो.

सहाव्या दिवशी दुपारी इन्व्हर्टर किंचाळायला लागला. तेवढ्यात सर दारात. सकाळचा आकडा ऐकून निघालेले, त्या पावसात निडी स्टेशनापासून चालत आले. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाची. आले, वास घेतला. लाल खटक्यावर तळहात ठेवला. मग पडवीकडे गेले. मी पाठोपाठ. मूर्ती उभ्या होत्या, त्यांच्यासमोर बल्ब, मी घाईने विझवलेले. वायरच्या पिनेवर माझ्या बोटांची शाडूची पांढरी माती. सरांनी बल्बला बोट लावलं. चटकन मागे घेतलं. गरम होता.

माझ्याकडे बघितलं.

मी वाट बघत होतो. खरं सांगतो, मी वाट बघत होतो. अंगणात उभे राहा, ओरडा, वाडी गोळा करा, आईबापाचा उद्धार करा. सर वळले. आत गेले, इंदूच्या खाटेजवळ जमिनीवर बसले. आमच्या घरात जमिनीवर बसलेले मी त्यांना तेव्हाच पाहिले.

"वहिनी, माझं गणित चुकलं. चार दिवसांचे ढग धरले होते, सहा झाले. आता पनवेलला जायला लागेल. ऊन पडलं की परत या."

इंदू दम घेत घेत म्हणाली, "तुमचा कसा चुकंल सर?" आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. तिथे राग असता तर बरं झालं असतं.

सर म्हणाले, "चुकतं. माणूस आहे."

रमेश गाडी घेऊन आला. तिला उचलून नेताना मी छत्री धरली होती. सर पावसात उभे होते. तिने गाडीत बसल्यावर हात बाहेर काढला. चार, सात, एक. सत्तेचाळीस पॉइंट एक. सकाळचा आकडा. सरांनी मान हलवली.

पनवेलला ती अकरा दिवस होती. दहाव्या मजल्यावर. वीज एक मिनिट गेली नाही. "घरी कधी नेताय?" रोज एवढंच. तिसऱ्या दिवशी वाडीवर ऊन पडलं, आठव्या दिवशी बॅटऱ्या भरल्या, हे मला शेजाऱ्याने फोनवर सांगितलं. मी डॉक्टरच्या पाया पडलो, पाठवा म्हणून. ते म्हणाले, आता हलवता येणार नाही. आठ प्लेटा इकडे उन्हात चकाकत होत्या, आणि ती तिकडे परक्या छताकडे बघत गेली.

रविवारी पेणची गाडी आली होती. मूर्ती वाळलेल्या होत्या. शेजाऱ्याने भरून दिल्या.

तेराव्याला सर आले. जेवले नाहीत, रडले नाहीत, मला धीर दिला नाही. बॅटऱ्यांची झाकणं उघडून बघितली. म्हणाले, "पाणी खाली गेलंय. डिस्टिल्ड वॉटर कुठे ठेवायच्या वहिनी?"

मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा सरांवर ओरडलो. "काढून न्या हे सगळं! प्लेटा न्या, बॅटऱ्या न्या, तो खटका उखडा भिंतीवरून! कोणाला पाहिजे त्याला द्या!"

मला त्यांनी विचारायला हवं होतं, "का?" मग मी सांगितलं असतं. ते म्हणाले, "बॅटरी नुसती पडून राहिली तर मरते. रोज भरली पाहिजे, रोज वापरली पाहिजे. उद्यापासून आकडा तू सांगायचास."

"कशाला? आता कोणासाठी?"

"मला सवय झालीय," म्हणाले, आणि कानावर हात नेऊन दाखवला, "मोठ्याने सांग."

आता तुम्ही म्हणाल, केवढं मोठं मन. मला विचाराल तर मी म्हणेन, केवढा हा दुष्टावा. माझ्या वाटणीचं त्यांनी स्वतःवर घेतलं आणि मला तसाच सोडला. गणपतीच्या माळांसाठी सगळी वाडी गोळा केली होती आणि ह्याच्यासाठी एक शब्द नाही. शिवी दिली असती तर मी परत दिली असती, भांडण झालं असतं, कुठेतरी संपलं असतं. नाही दिली. ज्या माणसाचं गणित आयुष्यात कधी चुकलं नाही तो माझ्या बायकोसमोर जमिनीवर बसून खोटं बोलला, आणि ती ते खोटं बरोबर घेऊन गेली. वायर खोटं बोलत नाही म्हणणारा माणूस! मी त्यांना माफ केलेलं नाही. पुस्तकात हेही छापा.

रोज सकाळी फोन मी करायचो. "पन्नास पॉइंट दोन." "छान." रोज आकड्यानंतर माझ्या तोंडाशी यायचं, सर, तो पंखा... आणि रोज ते फोन ठेवायचे. कधीकधी मला वाटायचं मुद्दाम लगेच ठेवतात.

मग ह्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा आला. रोह्याचं घर विकलं. म्हाताऱ्याला एकटं कसं ठेवायचं, पुण्याला नेतो म्हणाला. सरांना कोणी विचारलं नाही. मला विद्यार्थ्यांकडून कळलं, आज दुपारी निघणार. मी म्हशीला तशीच ठेवली आणि सुटलो. आज सांगायचं. भर रस्त्यात सांगायचं, लोक गोळा झाले तर होऊ देत.

मी रोह्यात पोचलो तेव्हा सर गाडीत पुढच्या सीटवर बसले होते. काच वर, आत एसी. मांडीवर ती जुनी पिशवी, पक्कडीचं टोक बाहेर आलेलं. मी काचेवर थाप मारली. त्यांनी बटण दाबलं, काच खाली होईना. मुलाने कुठूनतरी बंद करून ठेवलेली. सर दोन वेळा, तीन वेळा दाबत राहिले आणि चिडले. अख्ख्या जिल्ह्याच्या वायरी सरळ केलेला माणूस, आणि काचेचं एक बटण त्यांचं ऐकेना.

मी बाहेरून ओरडलो, "सर, तो पंखा मी लावला होता! मूर्तींसाठी! सर!"

त्यांनी कानावर हात नेला आणि मान हलवली. ऐकू येत नाही. मुलगा गाडी सुरू करत होता. मी परत ओरडलो. रस्त्यावरची माणसं बघत होती. सरांनी मला गप्प राहा म्हणून तळहात दाखवला आणि भुवया वर केल्या. अंगणाच्या टोकावरून दारातल्या इंदूला विचारायचे तसंच.

किती?

मी सकाळी बघून आलो होतो. गडबडीत फोन करायचा राहिला होता.

मी हात वर केला. पाच. मूठ. चार.

त्यांनी मान हलवली. गाडी निघाली. वळणावर त्यांनी काचेला हात लावून काहीतरी दाखवलं, भांड्यातून पाणी ओतल्यासारखं. बॅटरीत पाणी घाल असं असेल, नाहीतर खड्ड्यात तांब्या. मी दोन्ही घालतो.